जकात सरांचा कारखाना

जकात सरांना कुठलीही गोष्ट वेळेवर पोहोचलेली खपत नसे. पोस्टमन वेळेवर आला तर ते पाकीट उलटंसुलटं करून बघत. पाहुणे ठरल्या दिवशी दारात उभे राहिले तर घरी सगळं बरं आहे ना, म्हणून काळजीने विचारत. "नीट पोचलं म्हंजे मधी काहीतरी ऱ्हायलं," असं त्यांचं ठाम मत. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण लग्नपत्रिकेखेरीज ते कुणी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बीडला स्टँडच्या मागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी चौसाळ्याहून एसटीने यायची. देशाचे दरवाजे उघडलेत असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. आमच्याकडे त्याची चाहूल एवढीच, की जकात नाक्याजवळच्या टपरीवर थंड पेयाचा लालभडक बोर्ड लागला आणि ज्याच्या त्याच्या खिशात व्हिजिटिंग कार्ड आलं. जो भेटेल तो उद्योजक! सरांनाही व्हायचं होतं. पालीला धरणाजवळ त्यांनी शेड भाड्याने घेतली होती. सीताफळाचा गर काढायचं मशीन आणून त्यावर ताडपत्री टाकली होती. डोंगरात सीताफळं मोप. गर डब्यात भरून पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांना पाठवायचा, सगळं ठरलेलं. फक्त शेडचं कुलूप काढायचं बाकी होतं आणि ते वर्षानुवर्षं बाकीच राहिलं.

कारण मधे तो खेळ आला. पुण्याच्या मेव्हण्याने फ्लॉपीवर दिलेला. त्यात आपण कारखानदार. एक बटण दाबलं की कच्चा माल हजर, दुसरं दाबलं की माल विकला, तिसरं दाबलं की बँक कर्ज देई. सरांनी तो एकदा खेळला आणि त्यांचं डोकंच फिरलं. "ह्येच्यातला डायवर चहालाबी थांबत न्हाई. असला कारखाना कुठं असतो बे?" असं त्यांनी मॉनिटरलाच विचारलं. ते आम्हाला जी भाषा शिकवत त्याच भाषेत खेळ लिहिलेला होता, आतला मजकूर उघडता येत होता. झालं, सर तो दुरुस्त करायला बसले.

त्यांनी खेळातला कारखाना सीताफळाचा केला आणि वाटेत पहिल्यांदा जकात नाका बसवला. नाक्यावरचा कारकून जेवायला गेलेला असे. कधी येईल ते कॉम्प्युटरलाही सांगता येत नसे. सरांचं नाव पडलं ते तेव्हाच. मग लोडशेडिंग आलं. मग मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक गरम होऊ लागला. मुंबईहून डबे आले, तर झाकणं दुसऱ्याच मापाची. ड्रायव्हरच्या साडूचं लग्न निघालं. हे मनाचं नव्हतं हं. सर स्वतः नाक्यावर जाऊन उभे राहत, ट्रकवाल्यांना चहा पाजत आणि एखादी नवी अडचण हाती लागली की पेढे वाटल्यासारखं तोंड करून परत येत.

शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'दिवाळं निघालं' असं उमटे आणि मशीन पीं करून ओरडे. आम्ही पोरं-पोरी फी भरून रोज दिवाळखोर होत होतो. माझ्या वडिलांचं चौसाळ्याला किराणा दुकान. त्यांनी विचारलं, काय शिकलीस? मी म्हटलं, माल वेळेवर येत नाही. ते म्हणाले, हे तर मी दुकानात फुकट शिकवलं असतं.

खेळात एक हंगाम फायद्यात निघाला की दुसऱ्या दिवशी शेडचं कुलूप काढतो, असं सरांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, वचन दिलं होतं. काकू शाळेत शिकवत. घर त्यांच्याच पगारावर चालायचं. मी दिसले की विचारायच्या, निघाला का गं फायदा? एकदा खरंच निघणार होता. हंगाम संपत आलेला, माल पुण्याला पोहोचलेला, मी खुर्चीत सरसावून बसलेली. मागे उभ्या सरांचा चेहरा घरात चोर शिरल्यासारखा झाला. त्यांनी खेळ बंद केला, काहीतरी लिहिलं, परत सुरू केला. बघते तर माल उतरवणारे हमाल दिवाळीला गावी गेलेले! मी चिडून म्हणाले, "सर, तुम्हाला कारखाना काढायचाच नाही." ते चष्मा पुसत बसले. माणूस मनातून घाबरलेला होता, आणि मला त्यांची कीव आली ती त्या दिवशी.

पालीच्या डोंगरात धोंडिबा शेळ्या राखायचा. त्याच्या घरच्या बायका सीताफळं तोडून बाजारात नेत. सर त्याला दरसाल सांगत, औंदा तुझा माल आपणच घेऊ. एका दसऱ्यानंतर त्याने ते खरं धरलं आणि शेडच्या दारात फळांच्या पाट्या आणून उतरवल्या. निरोप आला तशी सर, काकू आणि मी जीपने पालीला गेलो. सगळी फळं डोळे उघडलेली, वास तर रस्त्यापर्यंत. सरांनी एक उचललं, ते बोटांतच फुटलं.

"खेळात आपण बटण दाबस्तोवर फळ झाडालाच ऱ्हातंय," ते हळूच म्हणाले. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

साऱ्या दुनियेचा उशीर त्यांनी खेळात घातला होता, तेवढी सीताफळाची घाई राहून गेली होती. काकूंनी त्यांच्या खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

पुढे सगळं सरांच्या खेळाबरहुकूम झालं. लाइट गेली. झाकणं बसेनात. जो माल भरला तो घेऊन ट्रक निघाला, तो घाटात गरम होऊन उभा राहिला. अर्धा गर नासला. सर शेडच्या पायरीवर बसून राहिले, आणि शपथेवर सांगते, ते पीं ऐकू यायची वाट बघत होते.

सकाळी आम्ही आवराआवर करायला गेलो, तर धोंडिबा नव्या पाट्या उतरवत होता.

"आरं, काल आपलं दिवाळं निघालं की," सर म्हणाले.

"निघालं असंल," धोंडिबा म्हणाला. "पर आज बी पिकलीत."

सरांनी बाह्या वर केल्या. कारखाना चालला. काही वर्षं तोट्यात, काही फायद्यात. फायद्याच्या वर्षी सरांना झोप लागत नसे. मी तिथेच नोकरीला लागले ती आजतागायत. मधे एकदा मी खेळाचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, शेवटची दुरुस्ती केली. "आता सुरू करायला बटणच ठिवलं न्हाई. लावला की सुरूच."

सर पुण्याच्या दवाखान्यात वारले, तेही सीताफळाच्याच दिवसांत. त्यांना घेऊन येणारी गाडी घाटात गरम होऊन बंद पडली. अंगणात माणसं खोळंबलेली, सोयरे चिडलेले. काकू डोळे पुसता पुसता हसल्या. "हे वेळेवर आले असते," म्हणाल्या, "तर मी वळखलंच नसतं."

तेवढ्यात पालीहून फोन आला, पाट्या आल्यात. आज बंद ठेवा, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. काकूंनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तू जा. फळं थांबायची न्हाईत."

मी गेले. कुलूप काढलं, कामाच्या बायकांना फळं फोडायला बसवलं, मशीन सुरू केलं. थोड्याच वेळात लाइट गेली, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.