जाळीवरचा पुठ्ठा

पायांना गार वारा झोंबत होता म्हणून मी डेटा सेंटरच्या फरशीतल्या जाळीवर पुठ्ठा ठेवला. कूलिंगची वीज वाचवायला नेमलेला शहाणा माणूस तो मीच. थोड्याच वेळात समोरच्या कपाटांतले सर्व्हर तापले आणि त्यांचे पंखे किंचाळू लागले. त्या कपाटांत कुणाचे एक्स-रे असतील, कुणाच्या गेलेल्या आईचा आवाज असेल. एवढं सगळं आपण जपून ठेवतो, आणि ते तगतं कशावर, तर जमिनीतून येणाऱ्या गार फुंकरीवर! तीच मी अडवली होती. घाईघाईने पुठ्ठा काढला. पंखे हळूहळू निवले. मशिनं सांभाळणाऱ्या शिंदेबाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, वीज वाचवायचीय ना? मग उद्यापासून मोजे घाला, नाहीतर घरीच बसा."