शेजारची आई

माझ्या मुलीचं पहिलं वाक्य "काकू आली" हे होतं. काकू म्हणजे मी.

पवनीहून संध्याकाळच्या एसटीने कोंढ्याला उतरले आणि तिला घ्यायला शेजारणीच्या दारात उभी राहिले, तेव्हा ती हे बोलली. शेजारीण हसत सुटली. तिथेच बसलेली माझी सासूही हसली. "त्यात काय झालं? माहा नवरा जन्मभर आपल्या मायले वहिनी म्हणे. जे कानावर पडते तेच पोट्टे बोलतेत." खरंच होतं. एकत्र घरांत असं सर्रास चालतं. मीही हसले. वाईट वाटायला हवं होतं, पण दिवसभर गणवेश शिवून मान दुखत होती आणि त्यापलीकडे मला काही वाटत नव्हतं.

शेजारणीचा नवरा फौजेत, माझाही. दोघेही फील्डला, म्हणजे जिथे बायकोपोरांना नेता येत नाही अशा ठिकाणी. तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा थोडा मोठा. तो मला काकू म्हणायचा आणि तिला आई. माझी मुलगी त्याच्या मागून बोलायला शिकली, इतकंच.

पवनीत एक शिवणकेंद्र निघालं होतं. फौजींच्या बायकांना आधी घेऊ म्हणाले, आणि घेतलंही. पोरांचं काय, हे कोणी विचारलं नाही. केंद्राच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लेकरू आणू नका हं, इथे सुया आहेत, कात्र्या आहेत." त्यांचं चुकत नव्हतं. पण आम्हाला मुद्दाम आधी घेतलं त्या नोकरीत आमच्या पोरांना जागा नव्हती, आणि यात कोणाला काही खटकत नव्हतं.

मला मात्र ती नोकरी हवीच होती. नवऱ्याच्या पोस्टवर नेटवर्क नसे. फोन आला नाही की मी घरात भिंतीकडे बघत बसायची, भात करपला तरी कळायचं नाही. मशीनवर तसं होत नाही. कॉलर उलटी लागली तर बाई बोलतात, म्हणून डोकं तिथेच राहतं. हे घरात कोणाला सांगितलं नाही. सांगून कळलंही नसतं.

सासू एरवी पोरीला सांभाळायची. पण धानाची रोवणी लागली की तिला घरात थांबवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. "बांधीत पाय नाही टाकला तं मले जेवण गोड लागत नाही," म्हणायची. तेव्हा शेजारीण आपणहून आली. "ताई, ठेवून जा न माह्याजवळ. एक काय अन् दोन काय. माह्यावाला तरी एकटाच रडून राहते."

ठेवली. रोवणी संपली तरी ती तिथून हलेना, पुढच्या रोवणीपर्यंत तिथेच वाढली. दोघं एका ताटात जेवायची. तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय माझी मुलगी झोपत नसे. शेजारणीने तिला कितीदा समजावलं, "अवो, ही काकू नाही, तुही आई होय." मुलगी माझ्याकडे बघायची आणि तिच्याच मांडीवर जाऊन बसायची.

मग शेजारणीच्या नवऱ्याची पीस पोस्टिंग आली, म्हणजे बायकोपोरांना नेता येतं अशा ठिकाणी. क्वार्टर मिळालं. सांगताना तिला रडू आलं, मी "बरं झालं" म्हणाले. बरंच झालं होतं. निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली, तेव्हा माझी मुलगी तिच्या मांडीवरून उतरेना. अर्धे तांदूळ मुलीच्या फ्रॉकमध्ये पडले. ते तसेच राहू दिले.

नेमकी रोवणी सुरू होती. सासू पोरीला बांधावर घेऊन जाऊ लागली. एका दुपारी केंद्रावर मला फोन आला, पोरगी दिसत नाही. रोवणीच्या साऱ्या बाया काम सोडून शेताजवळच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, उतरल्या होत्या, कमरेएवढ्या पाण्यात शोधत होत्या. मी फोन ठेवला. हातातली बाही पूर्ण शिवली, धागा तोडला, मशीनवर कापड झाकलं आणि मग बसस्टँडवर गेले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. माझे हातपाय आपले आपण चालत होते.

मी पोचेपर्यंत ती सापडली होती. शेतातून एकटी चालत गावात आली होती आणि शेजारणीच्या कुलूप लावलेल्या दाराशी पायरीवर झोपली होती. सासू पदरात तोंड खुपसून रडत होती. मी पोरीच्या पायाचा चिखल धुतला.

दुसऱ्या दिवसापासून मी केंद्रावर गेले नाही. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं, पण रेंज नसल्याने आवाज तुटत होता. "चांगलं केलं," एवढं ऐकू आलं. आता मुलगी दिवसभर माझ्याजवळ असते. मी भरवते, न्हाऊ घालते. ती काही त्रास देत नाही. पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी शहाणी वागते.

परवा शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी फोनला नाक लावून "आई, आई" करत होती. शेजारणीला अवघडल्यासारखं झालं असावं. ती म्हणाली, "अवो, आई तं तिकडे आहे. तुह्या मागंच बसली आहे, पाह्य."

मुलगी आनंदाने वळली. तिने मला ओलांडून दाराकडे पाहिलं, मग अंगणात पाहिलं.

मीही वळून पाहिलं.