फक्त माझ्या लॅपटॉपवर उघडणारे नाटक

ही फजिती मी सहसा सांगत नाही. पण चहा समोर आहे आणि तुमच्यापैकी कोणी सर्व्हर सांभाळत नाही, म्हणून सांगते.

बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तिकिटे पूर्वी सुधाअक्का घरोघरी जाऊन विकायच्या. प्रत्येक तिकिटामागे एक चहा आणि अख्ख्या खानदानाची चौकशी. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटे. मी नाटकासाठी मंडळाच्या संकेतस्थळाच्या नावाआधी ‘नाटक’ जोडून स्वतंत्र पत्ता ठरवला आणि सर्व्हरवर नियम लिहिला: या पत्त्यावर येणाऱ्याला थेट तिकिटांच्या पानाकडे वळवायचे.

माझ्या लॅपटॉपवर पान लख्ख उघडले. ग्रुपवर विचारले, “सगळ्यांना दिसतंय ना?” उत्तरादाखल जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली. एरवी पुराव्याशिवाय काही न मानणारी मी. ते हात मात्र पुरावा म्हणून स्वीकारले.

रविवार संध्याकाळपर्यंत निम्म्या खुर्च्या विकल्या नाहीत, तर सभागृह जाणार होते, म्हणजे नाटकच रद्द. शनिवारी विक्री शून्य.

अक्कांचा फोन आला. “तुझं ते पान उघडेना बघ.”

“फोनमध्ये जुनं साठलं असेल, अक्का. बंद करून चालू करा.”

“केला की. टीव्हीसुद्धा बंद करून बघितला.”

“टीव्ही कशाला?”

“तू इंजिनिअर. सांगितलंस तर सगळंच करायला नको?”

मी नियम पुन्हा पुन्हा लिहिला. माझ्याकडे दर वेळी निर्दोष. निष्कर्ष उघड होता: मंडळातले सगळे फोन एकाच वेळी बिघडले होते.

रविवारी सकाळी अक्का व्हाइटफील्डला माझ्या घरी फोन घेऊन हजर. पान नाही. मी माझा फोन काढला. तिथेही नाही.

मग आठवले. चाचणीसाठी मी लॅपटॉपलाच परस्पर सांगून ठेवले होते, की हा पत्ता अमुक सर्व्हरचा. उरलेल्या जगाला सांगायचे राहिले होते. बिचारा नियम अचूक होता. त्याच्यापर्यंतचा रस्ता फक्त माझ्या लॅपटॉपला ठाऊक होता.

“मग सगळ्यांनी हात का जोडले?” मी अक्कांना विचारले.

“एवढी शिकलेली मुलगी तू. दिसत नाही म्हणायचं कसं?”

पत्ता नोंदवला, पण तो सर्वत्र पोहोचेपर्यंत संध्याकाळ उलटली असती. अक्कांनी पिशवी उचलली. “सरी,” त्या कानडीत ‘बरं’ म्हणाल्या, “चल.”

आम्ही रिक्षाने घरोघरी फिरलो. आधी चहा, मग ओशाळलेली कबुली, मग तिकिटे. एका भिंतीवर जुन्या नाटकाचा फोटो होता. त्यातला मिशीवाला हवालदार म्हणजे तरुण अक्का. त्या फोटोपाशी तासभर गेला, आणि मला घाई असूनही उठवेना.

संध्याकाळी सभागृह पक्के झाले. परतताना अक्का समाधानाने म्हणाल्या, “पुढच्या वर्षीही वेबसाइट तूच कर हं. दुसऱ्या कुणी केली तर ती नीट चालेल, आणि मग कुणाकडे जाणंच होणार नाही.”