कंडक्टरकाकांनी वाटलेले वाढदिवस

कंडक्टरकाका खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. नोकरीभर एसटीत उभ्यानं तिकिटं फाडली आणि रिटायर झाल्यावर मुरबाडच्या छोट्या चर्चचं ऑफिस सांभाळायला घेतलं, तेही उभ्यानंच. कपाटातला छातीच्या उंचीचा एक खण रिकामा करून त्यांनी तिथं कीबोर्ड ठेवला होता आणि त्यावर दोन बोटांनी टाइप करायचे. "बसा की काका, पाय दुखतील," म्हटलं की म्हणायचे, "बसला की मानूस पॅसेंजर व्हतो गो." माझं एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी काही चर्चची नव्हे, आमच्या घरी गणपती बसतो. पण तिथला जुना कॉम्प्युटर महिन्यातून एकदा तरी रुसायचा, त्यामुळे माझं जाणं-येणं असायचं.

काम संपलं की काका खिशातला जुना तिकीट-पंच काढून टेबलावर दोनदा आपटायचे. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. चहा पिऊन झाला, टक टक. पास्टरांचं बोलणं लांबलं, टक टक. मी स्क्रू आवळत असताना पाठीमागे येरझाऱ्या चालूच असायच्या, आणि खरं सांगते, त्या येरझाऱ्यांनी माझं कामातलं लक्ष उडायचं. अनेकदा वाटायचं, यांना खुर्चीला बांधून ठेवावं.

चर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कुटुंबांची नावं, बाप्तिस्मे, लग्नं आणि जन्मतारखा होत्या. दर रविवारी त्या आठवड्यातल्या वाढदिवसांची नावं त्यातून निघायची. पास्टर नाव वाचायचे, माणूस उभं राहायचं आणि सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. पण जूनचा पहिला आठवडा आला की भलतीच पंचाईत व्हायची. आपल्याकडे ज्यांचा जन्म कुणी टिपून ठेवला नाही त्यांना शाळेच्या मास्तरांनी १ जून लावून दिली, आणि जे शाळेतच गेले नाहीत त्यांनाही पुढे कुठल्या तरी कार्डावर तीच मिळाली. त्या रविवारी वाड्या-पाड्यांवरचं निम्मं चर्च एकदम उभं राहायचं. लोक हसायचे, पास्टर नावं वाचून दमायचे आणि शेवटी "बाकीचे सर्व" म्हणून मोकळे व्हायचे.

हे "बाकीचे सर्व" काकांना सहन होईना. "बाकीचे सर्व म्हंजे काय? तिकीट येकेकाचं फाटतं," असं म्हणून ते निघाले. टोकावड्यापर्यंतच्या वाड्या पालथ्या घातल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून विचारायचे, तुमच्या जन्माच्या वेळी रानात काय चाललं होतं? लावणी, झोडणी की करवंदं पिकलेली? उत्तर मिळालं की त्यावरून तारीख ठरवायची आणि कॉम्प्युटरात घालायची. कातकरवाडीच्या भिकीआजीनं सांगितलं, "मोहाची फुलं पडत व्हती, आय येचाया गेलेली." तिला १८ मार्च मिळाली. त्या रविवारी आजी धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या बाकावर येऊन बसली. तिचं एकटीचं नाव इतक्या लोकांत कुणी मोठ्यानं वाचल्याची तिची ती पहिलीच वेळ.

पास्टरांना हे जरा खटकलं. "काका, हे खोटं लिहिणं नाही का?"

"आन येक जून खरं हाय का?" काका चालता चालताच म्हणाले. "ते मास्तरांनी न इचारता दिलं. आमी इचारून देतो."

माझी आईसुद्धा एक जूनचीच. एकदा दुकानात तिला गाठून काकांनी तीच चौकशी केली आणि तिला ऑगस्टातली तारीख देऊन टाकली. आई चर्चची पायरी चढलेली नाही, पण तेव्हापासून ऑगस्टात तिला घरी शिरा लागतो. काकांना मात्र मी विचारलं, "आणि तुमची कुठली?" तर म्हणाले, "कंडक्टर सगल्यांच्या शेवटी उतरतो. बघू मंग."

मग नवा कॉम्प्युटर आला. जुना मधेच बंद पडायचा, त्यामुळे सॉफ्टवेअर नव्यावर हलवायचं ठरलं. कल्याणचा दुकानदार जुनं यंत्र बदल्यात घेणार होता. मी दोन्ही यंत्रं केबलनं जोडली. आधी एक वेगळी प्रत काढून ठेवायची होती, पण काकांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. "किती टाइम लावतेस गो! अगं, शिवनेरी सुटली असती येव्हाना!" नावं नव्या पडद्यावर दिसली मात्र, लगेच टक टक. मी हात धुवायला गेले तेवढ्यात त्यांनी जुना सीपीयू उचलला आणि कल्याणच्या जीपमध्ये ठेवूनही आले.

परत आले ते थेट येत्या रविवारची नावं काढायला. भिकीआजीचा रविवार होता, पण आजीचं नाव कुठंच नव्हतं. मी तारखा उघडून पाहिल्या. नवं यंत्र महिना आधी आणि दिवस नंतर वाचत होतं. पाच नोव्हेंबरचा अकरा मे झाला होता. आणि ज्या तारखेचा दिवस बारापुढचा, ती त्याला कळलीच नाही. तिथं त्यानं आपल्या मनानं १ जानेवारी घातली होती. एवढ्या वणवणीनंतर निम्म्याहून जास्त लोक पुन्हा एकाच दिवशी जन्मले होते.

काका पहिल्यांदाच जागच्या जागी उभे राहिले. "भिकीचं तरी माझ्या ध्यानात हाय," ते हळूच म्हणाले. "बाकीच्यांचं काय? ज्यांनी सांगितलं त्यातले किती तरी मेले गो."

मी स्कूटी काढली. काका मागे बसले म्हणणं चूक ठरेल. पायदानावर पाय रोवून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उभेच होते. भर बाजारातून आमची वरात जीप-स्टँडवर पोहोचली. जीपवाल्यांशी काकांचं जन्माचं वैर. हे लोक एसटीचे पॅसेंजर पळवतात आणि वर गाडी भरल्याशिवाय हलत नाहीत, हे ते येता-जाता ऐकवायचे. त्या दिवशी एक पॅसेंजर कमी होता म्हणून जीप तिथंच होती. ड्रायव्हर बॉनेटवर बसून बडीशेप चघळत होता. मागच्या सीटखाली आमचा सीपीयू, आणि त्यावर कुणाची तरी कोंबडी पाय बांधून ठेवलेली.

"आज तुला शिव्या नाय देत," काका त्याला म्हणाले आणि सीपीयू पोटाशी धरून ऑफिसपर्यंत चालत आले. या वेळी मी तारखांची मांडणी बदलली, वेगळी प्रत काढली आणि एकेक नाव ताडून पाहिलं. काका माझ्याशेजारी उभे. पंच खिशातच होता. रविवारी भिकीआजी उभी राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका कल्याणच्या इस्पितळात वारले. शेवटपर्यंत कॉटवर पडून राहत नव्हते, असं नर्स सांगत होती. मला रडू आलं ते ऑफिसातला तो उंचावरचा कीबोर्ड पाहून. पास्टरांनी काकांच्या नावापुढे 'मृत' अशी खूण करायला मला बोलावलं होतं. नाव उघडलं, तर जन्मतारीख एक जून. स्वतःची त्यांनी बदललीच नव्हती.

टोकावड्याला त्यांची थोरली बहीण आहे. मी स्कूटी घेऊन गेले आणि त्यांच्याच पद्धतीनं विचारलं. ती म्हणाली, "गवत कापनी चालली व्हती. आय भारा घेऊन घरी येत व्हती, वाटंतच झाला. घरी पोचायपरयंतबी थांबला नाय तो." मी ७ नोव्हेंबर घातली.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी मुद्दाम चर्चमध्ये जाऊन मागे बसले. पास्टर नावं वाचत गेले आणि काकांचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. ते थांबले. कुणी उभं राहणार नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून भिकीआजी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग तिच्या वाडीच्या बाया उठल्या. मग ज्यांना ज्यांना काकांनी तारीख दिली होती, ते सगळे उठले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

'मृत' अशी खूण केली की सॉफ्टवेअर ते नाव वाढदिवसांत दाखवत नाही. पास्टर अधूनमधून त्या खुणेची आठवण करून देतात. मी "करते" म्हणते आणि दुसऱ्या कामाला लागते.