बिननावाचे हात

नावं घालायला काय जड जातंय, असं मी भर मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी बोलायला उभी राहिले की ते नेहमीच डोळे मिटायचे. पाण्याचा टँकर, जिन्यातला दिवा, मागचं फाटक, प्रत्येक बाबतीत मी त्यांच्याशी भांडलेली होते. माझ्या नाकावर राग असतो. पुण्याला माहेरी होता, लग्न करून दिल्लीला आले तेव्हा सामानाबरोबर तोही आला. मयूर विहारमधल्या त्या इमारतींत मराठी बाई म्हणजे भांडखोर बाई, हे मी एकटीनं ठरवून दिलं होतं.

मीटिंग होती भिंतीबद्दल. सोसायटीच्या मागे एक लांबलचक भिंत होती, पलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे जुनं गाव. भिंतीवर लोक पान थुंकायचे आणि आणखीही काय काय करायचे. ते दिवसच असे होते की जो तो काहीतरी नवीन काढत होता. नोएडात परदेशी कंपन्यांची ऑफिसं उभी राहत होती, घरोघरी केबल आली होती, कालपर्यंत स्कूटरवर फिरणारे लोक मारुतीची किल्ली बोटात फिरवत जिना चढत होते. अशाच एका नव्या कंपनीला आसपासच्या वस्तीसाठी काहीतरी चांगलं करायची लहर आली आणि त्यांनी आमच्याकडे एक चित्रकार मुलगी पाठवली.

आर्ट कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी. बोलायची मात्र अगदी मनापासून. तिची कल्पना अशी होती की, आमच्या मुलांची इंग्रजी शाळा आणि गावातली सरकारी शाळा, दोन्हींतल्या मुलांनी एकत्र बसून ओल्या मातीच्या टाइलवर आपापल्या हाताचा ठसा उमटवायचा. कुंभाराच्या भट्टीत टाइल भाजायच्या, सोसायटीतल्या लोकांनी त्या रंगवायच्या आणि भिंतीवर बसवायच्या.

कल्पना चांगलीच होती. मी वाईटाला वाईट म्हणते तसं चांगल्याला चांगलंही म्हणते. सरकारी शाळेतली मुलं आत आली तर सायकली चोरीला जातील, असं कुणीतरी पुटपुटलं तेव्हा त्या माणसाची मी अशी काही खरडपट्टी काढली की तो पुन्हा बोलला नाही. पण ती मुलगी म्हणाली, कुठल्याही टाइलवर नाव येणार नाही, तिथे माझं बिनसलं.

"नाव आलं की आडनाव येतं, आंटी," ती हिंदीत म्हणाली, "आणि आडनाव आलं की मुलं परत वेगवेगळी बसतात."

"कळतं मला. पण मग आईनं आपल्या मुलाचा हात ओळखायचा कसा?"

"सगळेच हात आपले समजायचे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी मुलगी मागे सतरंजीवर बसून कुणाच्या तरी बाळाला खेळवत होती. आठ वर्षांची. तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे आई, आता बस. मी बसले.

त्या उन्हाळ्यात ती रोज नखांत माती घेऊन घरी यायची. तिच्या शेजारी सरकारी शाळेतली एक मुलगी बसायची आणि आमच्या घरात दिवसभर तिचंच पुराण. ती पतंग काटते, ती भिंतीवरून उडी मारते, तिला म्हशीचं दूध काढता येतं. माझी लेक दिल्लीत जन्मलेली, तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. "आई, तिची छोटी उंगली टेढी आहे, बाबांसारखी." करंगळी म्हण ग, मी म्हणायचे. करंगळी, करंगळी, म्हणत ती पळून जायची. आमच्या ह्यांची करंगळी जरा आत वळलेली आहे, आणि लेकीनंही तीच उचलली होती.

टाइल भिंतीवर लागल्या त्या दिवशी छोटासा समारंभ झाला. मी ऑफिसच्या चार्टर्ड बसनं धावतपळत पोचले तेव्हा समोसे संपले होते. भिंत मात्र खरंच देखणी झाली होती. निळे, पिवळे, विटकरी हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी लेकीला विचारलं, तुझा कुठला?

"तूच शोध."

मी एक दाखवला. नाही म्हणाली. दुसरा दाखवला. नाही.

"अगं, मग सांग ना."

"नाही सांगणार. तू गेस कर."

पुढेही कितीदा तरी विचारलं. भाजी आणायला जाताना, शाळेच्या बसपर्यंत सोडताना. दर वेळी तेच. तूच शोध. मला वाटलं, खेळ लावलाय पोरीनं. चेष्टेनं मी मुद्दाम एखाद्या दांडग्या मुलाचा हात दाखवायचे आणि ती हसायची. मग पावसाळा आला.

पावसाळा संपता संपता डेंग्यू आला. त्या वर्षी दिल्लीत हॉस्पिटलच्या व्हरांड्यातसुद्धा खाटा होत्या. फार लिहीत नाही. ताप आला तेव्हा ती चालत खाली उतरली होती, आणि आम्ही दोघंच परत आलो. पुण्याहून माणसं आली, रडली, गेली. तिचे बूट दाराशीच होते, ते उचलायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीनंतर मी ऑफिसला जायला लागले. परतताना चार्टर्ड बस मागच्या रस्त्यावर सोडायची. एक दिवस उतरले आणि समोर ती भिंत. इतके हात, आणि त्यात तिचा एक. मी चपला काढल्या. का काढल्या, कोण जाणे. एकेका ठशात बोटं घालून बघायला लागले.

मग रोजच. लोक बघायचे, बघू देत. ठशात माती गार असायची. कुणाचा अंगठा जाड, कुणाची बोटं फाकलेली. एक दिवस खालच्या ओळीत एक छोटा निळा हात सापडला, त्याची करंगळी आत वळलेली. मी तिथेच खाली बसले. घरी येऊन ह्यांना ओढत घेऊन गेले. म्हटलं, बघा, तुमची करंगळी. हाच ना?

ह्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "असेलही."

"असेलही काय? आहे की नाही?"

"असेल. चल, घरी चल. जेवून घे."

हे पहिल्यापासूनच मोजकं बोलणारे. मला त्या 'असेलही'चा राग आला. खात्री करायला मी एका रविवारी मुनिरक्याला त्या चित्रकार मुलीकडे गेले. अरुंद जिने, वर दोऱ्यांवर विद्यार्थ्यांचे कपडे. त्या मुलीनं मला ओळखलं आणि ती रडायलाच लागली. तिला आमचं कळलं होतं. मी विचारलं, माझ्या मुलीची टाइल कुठली ते तुला माहीत असेल. ती म्हणाली, मलाही ठाऊक नाही, आंटी, तेच तर ठरलं होतं ना. आणि मग माझे हात धरून म्हणाली, "सगळेच हात तिचे समजा."

"मला सगळे नकोत," मी म्हटलं. "मला एकच पाहिजे." त्या जिन्यात मी जे बोलले ते खालपर्यंत ऐकू गेलं असणार. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिचं तरी काय वय होतं.

तेव्हापासून निळा हात माझा झाला. संध्याकाळी बसमधून उतरायचं, त्या ठशावर हात ठेवायचा, मग घर. जिना चढताना जरा भूक लागल्यासारखं व्हायचं. एवढ्यावर मी दुसरं वर्ष काढलं.

मग सोसायटीची पुन्हा मीटिंग झाली. गाड्या इतक्या झाल्या होत्या की लोक फाटकात भांडत होते. मागची भिंत पाडायची, आत सरकवून नवी बांधायची, मधल्या जागेत पार्किंग. हातांचं काय, असं विचारणारी मी एकटीच. सेक्रेटरीसाहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत, खाली घातले. म्हणाले, "ज्यांना हव्यात त्यांनी आपापल्या टाइल काढून न्याव्यात, गावातही निरोप देतो." दुसरं काय म्हणणार होते. सगळ्यांच्या गाड्या होत्या.

मी दुसऱ्याच संध्याकाळी गवंड्याला घेऊन गेले. त्यानं छिन्नीनं हळूहळू सोडवली टाइल. एक कोपरा उडाला, बाकी हात शाबूत निघाला. घरी आणून धुतली, लेकीच्या फ्रॉकनं पुसली आणि तिच्या फोटोखाली उभी केली. त्या दिवशी मला बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी घरी आणलं होतं तिचं.

दोन-तीन दिवसांनी सुट्टी होती. हे दूध आणायला डेअरीवर गेले होते. बेल वाजली. दारात गावातली एक बाई, डोक्यावर पदर, आणि तिच्यासोबत एक मुलगी.

"माफ करना, बहनजी," बाई म्हणाली. "इसने परसों से जान खा रखी है. इसका हाथ दीवार पे नहीं है. मिस्त्री बोला, आपके घर आया है."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "गलत घर में आए हो," मी म्हटलं. "वो मेरी बेटी का है."

मुलगी माझ्या हाताखालून आत बघत होती. तिला फोटोखालची टाइल दिसली. ती म्हणाली, "आंटी, मेरा ही है."

"झूठ मत बोल." मी ओरडलेच.

बाई मुलीला मागे ओढायला लागली, पण पोरगी धीट. चपला काढून सरळ आत गेली आणि टाइलवर आपला उजवा हात ठेवला. करंगळी बरोबर त्या वळणात जाऊन बसली. हँडपंपात सापडून मोडली होती ती, लहानपणी, बाई दारातून म्हणाली. बाकीची बोटं मात्र ठशाच्या बाहेर आली होती, जवळजवळ पेरभर.

मी त्या बाहेर आलेल्या पेरांकडे बघत राहिले. दीड वर्षात मुलीचा हात एवढा वाढतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारणार तरी कुणाला होते.

मग मला कळलं ही कोण ते. पतंग काटणारी.  मी विचारलं, "तू बाजूला बसायचीस ना तिच्या? मग तिचा कुठला? दाखव मला. भिंत अजून उभी आहे."

ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, बता दे.

"आंटी, उसका तो है ही नहीं. भट्टी में टूट गया था."

एकेक करून तिनं सांगितलं. मीटिंगमध्ये मी नावावरून भांडले ते माझ्या लेकीच्या मनात राहिलं होतं. आईला ओळखू यायला हवा म्हणून तिनं कुणाचं लक्ष नाही असं बघून टाइलच्या मागे मातीची एक जाड टिकली चिकटवली, कुंकवासारखी. जाड माती चिकटवू नका, भट्टीत फुटेल, असं त्यांना बजावलं होतं. भट्टी उघडताना मुलांना बघायला नेलं, तेव्हा तुकड्यांत ती टिकली दोघींना दिसली.

"रडली का?"

"थोड़ा सा. फिर बोली, किसी को मत बताना. मम्मी को पता चला तो ड्रॉइंगवाली दीदी से झगड़ा करेगी."

बाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला, पण ते बोलून झालं होतं. आणि खरंच होतं. भट्टीपर्यंत जाऊन भांडले असते मी. आठ वर्षांच्या पोरीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून शेवटपर्यंत तिनं मला भिंतीवर हात शोधायला लावला आणि वर हसून दाखवलं.

मी टाइल वर्तमानपत्रात गुंडाळून मुलीच्या हातात दिली. जपून ने, कोपरा टोचेल, म्हटलं. बाई दारातून दोनदा मागे वळून बघून गेली.

हे दूध घेऊन आले तेव्हा मी फोटोसमोरच बसले होते. म्हणाले, "टाइल कुठंय?"

"जिची होती तिला दिली."

 मी म्हटलं, "आपली भट्टीतच फुटली होती. मला सांगितलंच नाही हो तिनं."

ह्यांनी दुधाची बरणी खाली ठेवली. 

"मला सांगितलं होतं," ते म्हणाले.

मी उठून उभी राहिले. तोंडापर्यंत सगळं आलं होतं. मग इतके दिवस मला दुसऱ्याच्या हातावर हात का ठेवू दिलात, का नाही बोललात?

मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "भिंतीकडून आलीस की दोन घास खायचीस तू."

खालून कुदळींचा आवाज यायला लागला होता. सुट्टी असूनही मजूर आले होते. मी दूध तापायला ठेवलं आणि खिडकी लावून घेतली.