प्रिसिलाचा पाय

अर्नाळ्याच्या प्रिसिलाकडे लायसन होतं आणि दारात गाडीही होती. मध्ये आडवा होता तो तिचा नवरा, ऑगस्टीन. हा माणूस जन्मभर बोटीवर तांडेल. खलाशांवर हुकूम सोडून सोडून त्याला अशी सवय जडलेली, की घरातल्या मांजरानेही त्याला विचारून उठावं. प्रिसिला मासळी विकून झाल्यावर क्लासला गेली, परीक्षा पास झाली, लायसन घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "फ्रेम करून भिंतीला लाव." हे तिला फार लागलं. एकदा तरी ही गाडी आपण चालवायचीच, असं तिने मनात धरलं.

संधी आली ती ब्रेकमुळे. पॅडल दाबलं की पाय मऊमऊ आत जायला लागला. आता ऑगस्टीन गॅरेजवाल्याला हात लावू देईल होय? बोटीचं इंजिन खोलणारा तो! पण ब्रेक ऑईल बदलायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निप्पल पान्याने सैल करून जुनं तेल आणि हवा नळीतून बाहेर सोडायची. निप्पल पुन्हा घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

"बस आत. पन कशाला हात लावू नको," ऑगस्टीन म्हणाला.

प्रिसिला स्टिअरिंगसमोर बसली. नवरीही चर्चमध्ये इतकी सावरून बसत नसेल.

पहिल्याच चाकाला घोळ झाला. बोटीवर इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तांडेल हाताने इशारे करतो. ऑगस्टीनने मागच्या चाकाआड उकिडवं बसून तसाच पंजा वर केला: धरून ठेव. पुढे बसलेल्या बाईला तो दिसणार कसा? तिने थोडी वाट बघून पाय उचलला आणि सगळी हवा आत गेली.

"हात दिसला नाय काय तुला?" तो ओरडला.

"माझं तोंड पुढं हाय, ऑगस्टीन. आता मी सांगीन नि तू ऐक. मी 'दाबला' म्हनल्यावर खोलायचं. तू 'बंद' म्हन, मंग पाय काढीन."

झालं, तांडेलाचा खलाशी झाला. "दाबला!" आतून हुकूम सुटायचा. "बंद," बाहेरून पडका आवाज यायचा. शेजारची कृष्णाबाई सुकत घातलेले बोंबील उलटायचं विसरून कुंपणाशी येऊन उभी राहिली.

तीन चाकं झाली. चौथ्याचं निप्पल उघडलं आणि तेलकट हातातून पाना सटकून गाडीखाली गेला. जाताना नळीही निसटली.

"पाय उचलू नको!"

"का? काय झालं?"

"पाना पडला. धर तशीच."

प्रिसिलाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण इतकं गोड तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"पाय दुखतो रे. उचलू?"

"अगं नको! सगळं परत करायला लागेल!"

"मंग आज गाडी मी चालवनार. हो बोल."

गाडीखालून नुसतं खरवडल्याचं ऐकू आलं. मग, "नंतर बघू."

पाय जागचा न हलवता प्रिसिलाने सीट मुद्दाम करकरवली.

"चालव, बाय, चालव!"

"जोरात बोल. कृष्णाबाईला ऐकू गेलं नाय."

तो जोरात बोलला. कृष्णाबाई पदर तोंडाला लावून वाकून हसली.

निप्पल घट्ट झालं, बॉनेटखालच्या डबीत नवं तेल भरलं. पॅडल आता टणक लागत होतं. ऑगस्टीन हात पुसत ड्रायव्हरच्या दाराशी आला, तर प्रिसिलाने बोटाने शेजारची सीट दाखवली. तो गाडीला वळसा घालून तिकडून बसला.

गाडी हळूच गल्लीत निघाली. पहिल्या घरापाशी प्रिसिलाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, घरातल्या बायका बाहेर आल्या, त्यांनी बघितलं. दुसऱ्या घरापाशी तेच. तिसऱ्या घरापाशी कोणी बाहेर येईना, म्हणून तिने हॉर्न वाजवला.

"ब्रेक चांगला लागतोय. आता पुरे," ऑगस्टीन मान खाली घालून पुटपुटला.

"पुरे काय? अजून समुद्रापर्यंतची घरं हायत."