चिल्याचा ठेला आणि समोरचा कॅफे

चौबे कॉलनीच्या कोपऱ्यावर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं उभ्याने चिला खातो. खायला दहा मिनिटं लागतात, निघायला दीड तास. मधल्या वेळात जे घडतं ते कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते कुठे जातही नाही. परवा वंदना म्हणाली, आता कुणी नवीन माणूस आपल्यात आला तर आधी त्याचा या किश्श्यांवर क्लास घ्यावा लागेल. वंदना माझी बायको. बाकीचे दोघं म्हणजे ब्राह्मणपाऱ्यातले देशकर काका, रिटायर्ड गणित मास्तर, आणि रेल्वेतला मिलिंद. तव्यामागे सुकवारो दीदी. तांदळाच्या पिठाचा चिला आणि टमाट्याची झणझणीत चटणी, याच्यापलीकडे तिच्याकडे काही मिळत नाही.

*

काकांचं म्हणणं, चिला म्हणजे आपलं धिरडंच, त्यात काय एवढं! हे त्यांनी दीदीला इतक्या रविवारी ऐकवलं की एकदा तिने चिला उलथायचा पलटा त्यांच्या हातात दिला आणि बाजूला सरकली.

काकांनी बाह्या वर केल्या. पहिला चिला तव्याला चिकटला. दुसरा फाटला. तिसरा आम्ही खरवडून खाल्ला.

"तवाच खराब आहे," काका म्हणाले.

दीदीने त्याच तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवला, पीठ ओतलं आणि जाळीदार चिला उलटून काकांच्या प्लेटमध्ये टाकला. काकांनी तो खाल्ला आणि दुसरा मागितला.

*

मिलिंदचे साडू पुण्याहून आले होते. त्यांनी आधी बसायला जागा विचारली, मग चमचा, मग चटणी थोडी कमी तिखट मिळेल का ते. मिलिंदने घाबरत घाबरत निरोप पोचवला. दीदीने साडूंच्या प्लेटमधली अर्धी चटणी चमच्याने काढून घेतली.

"हो गया कम तीखा," ती म्हणाली.

साडूंनी जाताना दोन चिले बांधून घेतले. चटणी मात्र पूर्ण मागितली.

*

मग दिवाळीनंतर रस्त्याच्या पलीकडे कॅफे उघडला. एसी, मोठ्या काचा, आणि मेनूकार्डात चिलाच, पण रागीचा, पनीरचा, चीजचा. कॉलनीतले लोक तिकडे वळले. दुपारी बारापर्यंत संपणारं दीदीचं पीठ पहिल्यांदाच गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उरायला लागलं. असंच चाललं तर पावसाळ्यानंतर ठेला बंद करून कुणाच्या घरी स्वयंपाकाला लागावं लागेल, असं ती वंदनाला एकदा म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तिच्या तव्यापाशी आमच्या कितीतरी रविवारच्या सकाळी गेल्या आहेत.

काका तर पेटलेच. त्या कॅफेत आपल्यापैकी कुणी पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं.

*

त्याच आठवड्यात बुधवारी मी आणि वंदना कॅफेत गेलो. फक्त बघायला. आत शिरतो तर खांबाच्या आड काका! हातात काटा-सुरी.

"मी फक्त पाहायले आलो होतो," काका म्हणाले.

"काका, प्लेट रिकामी आहे," वंदना म्हणाली.

"मंग काय, टाकून देऊ?"

तेवढ्यात दार उघडून मिलिंद आत आला. त्याचं पार्सल तयार होतं.

रविवारी आम्ही ठेल्यावर गेलो, ते एकमेकांकडे न बघता. दीदीने चौघांना चिला वाढला. कॅफेच्या काचा तिच्या तव्यासमोरच आहेत, हे तोवर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वहाँ की चटनी कैसी थी?" तिने विचारलं.

आम्ही तिघांनी काकांकडे पाहिलं. शेवटी काका म्हणाले, "गोड."

दीदीने मान हलवली आणि त्यांना चटणी वाढली.

*

ऐन पावसाळ्यातला हरेलीचा सण यंदा रविवारी आला. हरेलीला इकडे ज्याच्या हाताला जे औजार असेल ते धुऊन पूजतात, त्याला गुळाचा चिला वाहतात आणि दिवसभर सुट्टी देतात. दीदीचा ठेला त्या दिवशी बंद असतो, पण पूजा ती ठेल्यावरच करते. आम्ही प्रसादाला गेलो. तवा, पलटा, पिठाचा गंज, सगळं लख्ख घासून मांडलं होतं. पूजा झाली, आणि दीदी एक गुळाचा चिला पानावर घेऊन रस्ता ओलांडायला लागली.

"आता बोलते पाहा ती त्या कॅफेवाल्याले," काका खूश होऊन म्हणाले. आम्ही मागोमाग गेलो.

कॅफेचा मालक अंकुश, पंचविशीतला पोट्टा, नुकताच शटर वर करत होता. दीदीला दारात बघून तो गडबडला.

"आज औजार ला भूखे नइ राखन, बेटा," दीदी म्हणाली. "तोर औजार का हे, लान."

आज औजाराला उपाशी ठेवायचं नाही, तुझं औजार काय ते आण, असं ती तिच्या बोलीत सांगत होती. त्याने आधी विजेच्या तव्याकडे पाहिलं. पण त्यावर काम आचारी करायचा. मग कॉफीच्या मशीनकडे पाहिलं. शेवटी खिशातून मोबाइल काढला आणि काउंटरवर तिच्यासमोर ठेवला. त्याच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी त्यावरच यायच्या.

मिलिंदला हसू आलं, वंदनाने त्याला कोपर मारलं. दीदी हसली नाही. तिने पदराने मोबाइल पुसला, कुंकवाचं बोट लावलं, शेजारी गुळाचा चिला ठेवला आणि हात जोडले. अंकुशनेही जोडले. आज याला हात लावायचा नाही, दिवसभर सुट्टी, असं तिने त्याला समजावलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अंकुशने हात पुढे केला, दीदीकडे पाहिलं आणि मागे घेतला. मोबाइल थांबला, परत वाजायला लागला. आम्ही सहा जण काउंटरभोवती उभे राहून ऐकत होतो. कुणीच उचलला नाही.